मामांच्या रॉक रेकॉर्डी: आधी सुई बघा, मग बाजू ऐका

मडगावच्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: मामा वारले. त्यांच्या माडीवरच्या कपाटातून शंभरेक एलपी निघाल्या, बहुतेक रॉकच्या. पिंक फ्लॉइड, लेड झेपलिन, बीटल्स, डीप पर्पल, सांटाना. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत मामांकडे त्या ऐकल्या होत्या, आता पुन्हा ऐकायच्या आहेत. पण कव्हरांवर बुरशी चढली आहे. मामांनी सौदीहून आणलेला प्लेयर चालतो, पण गाणी 'जड' वाटतात. आणि मुलगा म्हणतो, बाबा, हे सगळं फोनवर आहे, कशाला खटाटोप? तर सुरुवात कुठून करावी?

मी म्हापशाला जुने प्लेयर दुरुस्त करतो आणि स्वतःही रेकॉर्डी जमवतो, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी मुलाचं बघू, कारण त्याचं म्हणणं चुकीचं नाही. गाणी फोनवर आहेत, आणि नुसत्या स्वच्छ आवाजाची गोष्ट असेल तर फोनच जिंकतो. एलपीचा आवाज 'उबदार' असतो वगैरे जे बोललं जातं त्या वादात मी पडत नाही. त्यातलं अर्धं खरं असतं आणि अर्धं महागडं सामान विकणाऱ्यांचं असतं. फोनवर जी नाही ती बाजू. साधारण १९६५ ते १९८५ या काळातले चांगले रॉक अल्बम वीस-बावीस मिनिटांच्या दोन तुकड्यांत बेतलेले आहेत. कुठल्या गाण्याने उघडायचं, कुठे पडदा पाडायचा, हे संगीत नाटकाच्या अंकासारखं ठरवलेलं असतं. फोनवर अंक राहत नाहीत, नुसती पदं राहतात. म्हणून जुने अल्बम पुन्हा ऐकायचे तर गाणं गाणं निवडून नको, बाजू लावा आणि संपेपर्यंत उठू नका. तुमच्या लहानपणी मामा असंच ऐकत असणार, कारण दर गाण्याला उठून सुई हलवायची म्हणजे जिवावर येतं.

पण एकही रेकॉर्ड अजून लावू नका. आधी प्लेयर.

'जड' म्हणालात तिथेच निम्मं निदान झालं. सौदीतली वीज ६० हर्ट्झची, आपली ५० ची. जुन्या बेल्टवाल्या प्लेयरमध्ये बहुधा सिंक्रोनस मोटर असते, आणि तिचा वेग व्होल्टेजवर ठरत नाही, हर्ट्झवर ठरतो. तिकडच्यासाठी बनलेली मोटर इथे मिनिटाला ३३⅓ ऐवजी २७.८ फेरे देते. त्याने गाणं नुसतं रेंगाळत नाही, तीन अर्धस्वरांच्या आसपास खालीही उतरतं. पेटीवाल्यांच्या भाषेत, पांढरी चारचं गाणं पांढरी दोनला येतं. खात्री करायला काही उपकरण लागत नाही. जुनी, टाकाऊ रेकॉर्ड लावा, तिच्या कडेला कागदाचा चिटोरा चिकटवा आणि घड्याळ लावून तीन मिनिटं फेरे मोजा. शंभर आले तर वेग बरोबर. त्र्याऐंशीच्या आसपास आले तर मी म्हणतो तेच.

इथे बाजारात तुम्हाला कुणीतरी ट्रान्सफॉर्मर घ्या म्हणून सांगेल. मशीन कमी व्होल्टेजचं असेल तर तो लागेलच, पण ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ तेच राहतात. उपाय आहे मोटरच्या दांड्यावरची पुली. काही कंपन्या दोन्ही मापांच्या पुल्या देत. प्लॅटर, म्हणजे रेकॉर्ड ठेवायची फिरती थाळी, उचलून खाली बघा, कोपऱ्यात दुसरी स्क्रूने अडकवलेली असू शकते. नसेल तर चांगल्या लेथवाल्याकडून पितळेची करून घ्या. व्यास सव्वापटीला थोडा कमी, म्हणजे १.२ पट, आणि हे माप बेल्टची जाडी धरून काढायचं. जुन्या पुलीला टेप गुंडाळून जाड करणारे मिस्त्री आहेत. तसं करून घेऊ नका. टेप कधीच सगळीकडे सारखी बसत नाही, मग पियानोचा लांब सूर डुलायला लागतो. डायरेक्ट ड्राइव्हचं (बेल्ट नसलेलं, मोटरच थाळी फिरवते असं) मशीन असेल, किंवा आत डीसी मोटर असेल, तर हा प्रश्नच नाही. तिथे वेग कमी असला तर दोष वेगळा, बहुधा वेगाच्या खुंटीत साचलेली घाण.

एक गंमत सांगून ठेवतो. तुम्ही लहानपणी याच मशीनवर ऐकलं असेल, तर वेग बरोबर झाल्यावर गाणी तुम्हाला घाईची वाटतील, गाणारे बारीक आवाजाचे वाटतील. आठवड्याभरात कान बसतो.

आता सुई. टोनआर्मच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याच्या, टोकावर मामांनी नाणं चिकटवलेलं असेल तर काढा. गोव्यात, किंबहुना सगळीकडेच, सुई उडायला लागली की चार आणे चिकटवायची पद्धत होती. त्याने सुई उडत नसे हे खरं, पण खाचा खरवडल्या जात. जुनी सुई तपासत बसू नका, सरळ बदला. हिऱ्याचं टोक असलं तरी ते काहीशे तासांत झिजतं, आणि मामांनी शेवटची कधी बदलली ते आता कुणाला विचारणार? शंभर रेकॉर्डींच्या मानाने सुईचा खर्च काहीच नाही. टोनआर्मला नेहमीची अर्ध्या इंचाची बैठक असेल तर ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम९५ई कार्ट्रिज (सुई ज्यात बसते ती छोटी डबी) मी बहुतेकांना बसवून देतो: दाब दोन ग्रॅमच्या आसपास, सुई निघते आणि पुढे हवी तर त्याच अंगावर अधिक चांगली बसते. दाब आधी शून्याला तोलून, म्हणजे आर्म हवेत आडवा तरंगेल असं मागचं वजन फिरवून, मग दोनवर आणायचा. छोटा डिजिटल काटा मिळतो, तो घ्या.

प्लेयर कुठे ठेवणार हेही आत्ताच ठरवा. तुमच्या मामांची माडी लाकडी तक्तपोशीची असेल तर तिथे नको. कुणी चाललं की सुई हिंदकळते, आणि स्पीकर त्याच फळीवर असले तर खालच्या सुरांना घूं सुरू होतं. खालच्या सोप्यात, भिंतीला पक्क्या ठोकलेल्या फळीवर ठेवा. स्पीकर वेगळ्या बैठकीवर. ॲम्प्लिफायरला 'फोनो' लिहिलेलं भोक नसेल तर फोनो प्रीॲम्प वेगळा लागेल, कारण कार्ट्रिजमधून येणारा विजेचा दाब जेमतेम चारपाच मिलिव्होल्टचा असतो, शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम कमी केलेला असतो आणि तो परत वर आणायचं काम हाच डबा करतो. बारीक हिरवी किंवा काळी अर्थिंगची तार लावायला विसरलात तर गुणगुण येईल.

बुरशीकडे वळू. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांनासुद्धा बुरशी येते, रेकॉर्डींना न येऊन कसं चालेल? पण एक दिलासा: बुरशी खाते ती कागद आणि बोटांचं तेल. व्हिनाइल तिचं अन्न नाही. वर दिसतो तो पांढरट ठिपक्यांचा थर असतो आणि तो निघतो.

रेकॉर्ड बाहेर काढायच्या आधी तोंडाला मास्क बांधा आणि हे काम अंगणात करा, घरात नको. रेकॉर्ड कडेवर आणि मधल्या लेबलवर धरायची, तळव्याने नाही. उन्हाच्या तिरीपेत तिरकी धरून बघा. बुरशी असेल तर खाचांच्या रेषांना न जुमानता जाळीदार नक्षी दिसते. चरा असेल तर सरळ किंवा कमानीची एकच रेघ. आधी कोरड्या मऊ ब्रशने वरचं झटकून टाका. मग डिस्टिल्ड वॉटर, हवं तर त्यात पाव भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भांड्यांच्या साबणाचा अगदी एखादा थेंब. मऊ सुती फडक्याने किंवा मायक्रोफायबरने खाचांच्या दिशेने, गोल गोल. लेबलला ओल लागू द्यायची नाही. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा पुसून सावलीत उभी वाळवा. विहिरीचं पाणी वापरू नका, कितीही गोड असलं तरी. आपल्या जांभ्या जमिनीतून आलेल्या पाण्यात काय काय विरघळलेलं असतं ते वाळल्यावर खाचेत बसतं आणि पुढे जन्मभर चुरचुरतं. कपाटात जाड, जड, ७८ च्या तबकड्या निघाल्या तर त्यांना मात्र अल्कोहोल लावायचं नाही. त्या शेलॅकच्या असतात, अल्कोहोलने विरघळतात.

आतली जुनी कागदी पाकिटं फेकून द्या, त्यांत बुरशीचं बी आहे. छापील असतील, गाण्यांचे बोल किंवा फोटो असतील, तर वाळवून कव्हरात वेगळी ठेवा आणि रेकॉर्ड नव्या पाकिटात घाला. नवी पाकिटं पॉलिथिनची घ्या. ती जाड, चकचकीत, पीव्हीसीची पिशवी दिसायला छान, पण आपल्या उकाड्यात ती घाम सोडते आणि रेकॉर्डवर धुरकट डाग पाडते, तो पुन्हा निघत नाही. रेकॉर्डी उभ्याच ठेवायच्या, एकावर एक रचायच्या नाहीत. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट पावसात पाणी ओढतं, ते चार बोटं पुढे सरकवा. कपाटात कसर असेल तर आधी तिचा बंदोबस्त करा. आणि रेकॉर्डी गाडीतून माझ्याकडे किंवा कुणाकडे नेणार असाल तर सकाळी आणा. एप्रिल-मे महिन्यात काचा बंद करून उन्हात ठेवलेल्या गाडीत एलपीचं काय होतं ते मी बघितलं आहे: कडा पापडासारख्या वर येतात.

मामांच्या गठ्ठ्यात रोलिंग स्टोन्सचा 'स्टिकी फिंगर्स' (१९७१) परदेशी प्रतीचा असेल, तर त्याच्या कव्हरवर खरीखुरी चेन शिवलेली असेल. ती शेजारच्या रेकॉर्डला बोचते. कंपनीलाही हे कळलं होतं, म्हणून नंतर चेन अर्धी उघडून पाठवत, म्हणजे बोचली तरी लेबलवर बोचेल. त्या कव्हरच्या दोन्ही बाजूंना पुठ्ठा लावा.

आता ऐकण्याकडे. इथे मला जरा रेंगाळायचं आहे.

पहिली लावा 'ॲबी रोड'. बीटल्सचा, सप्टेंबर १९६९ चा. त्यातली सगळी गाणी सर्वांत चांगली आहेत म्हणून नाही. बाजू म्हणजे काय ते या अल्बमइतकं झटकन कुठे कळत नाही म्हणून. पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं 'आय वॉन्ट यू'. साडेसात मिनिटांहून जास्त, आणि शेवटची कितीतरी मिनिटं एकच गिटारची ओळ पुन्हा पुन्हा येत राहते, मागे वाऱ्यासारखा खरखराट वाढत जातो. आता थांबेल, आता उतरेल म्हणून आपण वाट बघतो, आणि मध्येच, चालत्या ओळीत, कात्रीने कापल्यासारखं बंद. त्यानंतर सुईची टकटक. तुम्ही उठता, रेकॉर्ड उलटता, सुई ठेवता. आणि हॅरिसनची ती हलकी गिटार सुरू होते, 'हिअर कम्स द सन'. या दोन गाण्यांमध्ये तुमचं उठणं धरलेलं आहे. फोनवर ते ऊन दोन सेकंदांत येतं, आणि मग त्याची काही किंमतच राहत नाही. मुलाला हे नुसतं सांगू नका, एकदा शेजारी बसवून ऐकवा.

मग लेड झेपलिनचा चौथा, १९७१ चा, ज्याच्या कव्हरवर ना बँडचं नाव ना अल्बमचं, पाठीवर काटक्यांची मोळी घेतलेला म्हातारा आहे तो. याची पहिली बाजू तुमच्या नव्या सुईची परीक्षाही घेईल. त्याचं कारण असं. रेकॉर्ड एकाच गतीने फिरत असली तरी बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला पन्नासेक सेंटिमीटर खाच जाते आणि आत लेबलजवळ वीस-एकवीसच. म्हणजे तेवढंच संगीत निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं असतं, आणि सुई बोथट असली, नीट बसवलेली नसली, तर शेवटच्या गाण्यात 'स' आणि झांजा फाटतात. त्यामुळे जाणते लोक बाजूच्या शेवटी सहसा शांत गाणं ठेवत. झेपलिनने काय केलं? 'स्टेअरवे टू हेवन' शेवटी ठेवलं. आठ मिनिटांचं गाणं, सुरुवातीला गिटार आणि बासरीसारखे रेकॉर्डर, ड्रम तर चार मिनिटं होऊन गेल्यावर येतात. आणि सगळ्यात मोठा धडाका, गायक प्लांटचा चढा आवाज, अगदी लेबलच्या काठावर. कार्ट्रिज सरळ बसलं आहे की नाही ते तिथे कळतं. आवाज फाटला तर रेकॉर्डला दोष द्यायच्या आधी कार्ट्रिजचे दोन स्क्रू सैल करून ते पुन्हा नीट ओळीत लावा. त्यासाठी कागदावर छापलेली पट्टी मिळते.

लोक मात्र पहिली बाजू संपली की उठतात आणि दुसरी अर्धवट ऐकतात. शेवटचं 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' सोडू नका. बॉनमचे ड्रम हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या इंग्लिश घराच्या जिन्यापाशी असलेल्या उंच दालनात ठेवले होते आणि माइक जिन्यावरून वर टांगले होते. घराचा घुमार म्हणजे काय ते आपल्या जुन्या चौसोपी घरात वाढलेल्याला वेगळं सांगायला नको. छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर तो ढम्म फक्त ढप्प ऐकू येतो.

पिंक फ्लॉइडचा 'डार्क साइड ऑफ द मून' (१९७३) सगळ्यांकडे असतो आणि म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होतं. मामांची प्रत घेताना कव्हरात हात घालून बघा, दोन पोस्टर आणि पिरॅमिडचे स्टिकर असायला हवेत. ऐकताना पहिली बाजू लक्ष देऊन: हृदयाच्या ठोक्यांनी उघडते, मध्ये घड्याळांचा गजर. ती घड्याळं अभियंता ॲलन पार्सन्सने जुन्या घड्याळांच्या दुकानात रेकॉर्ड करून आणली होती. आणि शेवटी शब्दांशिवाय नुसत्या आलापीचं गाणं. गाणारी क्लेअर टॉरी. तिला त्या दिवसाचे ३० पौंड मिळाले आणि रचनेतला वाटा मिळवायला पुढे कोर्टात जावं लागलं. २००५ मध्ये तडजोड झाली तेव्हा तिचं नाव लागलं. लहानपणी तुम्हाला हे गाणं भीतिदायक किंवा कंटाळवाणं वाटलं असेल. आपल्याकडे देवळातल्या बैठका ऐकत मोठा झालेला माणूस चाळिशीनंतर तेच गाणं वेगळ्या कानाने ऐकतो: शब्द नाहीत, ताल नावाला, आणि बाई स्वर कुठे कुठे नेते. ते संपलं की बाजू संपते, आणि दुसरी बाजू उघडते नाण्यांच्या खणखणाटाने, 'मनी'. मधली शांतता पुन्हा तुमची.

माझं मत विचाराल तर 'विश यू वेअर हिअर' (१९७५) त्याहून वरचा. दोन बाजूंना एकच मोठी रचना तोडून लावली आहे, पहिल्या बाजूच्या सुरुवातीला आणि दुसरीच्या शेवटी, बाकीची गाणी मध्ये. पण हा अल्बम स्वच्छ रेकॉर्डवरच ऐकावा, सुरुवात इतकी हळू आहे की चुरचुर संगीताच्या वर येते. बुरशी खाल्लेली प्रत असेल तर हा पुढे ढकला.

जेथ्रो टलचा 'थिक ॲज अ ब्रिक' (१९७२) गठ्ठ्यात असला तर तो एका रविवारी दुपारी ठेवा. गाणं एकच, दोन बाजूंत तोडलेलं, आणि कव्हर म्हणजे बारा पानांचं खोटं वर्तमानपत्र. कसर आधी याच कव्हराला लागते, म्हणून तपासा. पानं शाबूत असतील तर वाचत ऐका, बनवाबनवी फार मजेदार आहे.

डीप पर्पलचा 'मशीन हेड' (१९७२) तुम्ही लहानपणी एकाच गाण्यासाठी ऐकला असणार, 'स्मोक ऑन द वॉटर', ते गिटार शिकणाऱ्या प्रत्येक पोराने वाजवलेलं. ते खरोखरच घडलेल्या आगीवर आहे: डिसेंबर १९७१ मध्ये स्वित्झर्लंडच्या माँत्रोमध्ये फ्रँक झप्पाच्या कार्यक्रमात कसिनो जळला, पर्पलला तिथेच रेकॉर्डिंग करायचं होतं, ते शेवटी थंडीसाठी बंद असलेल्या हॉटेलच्या बोळांत झालं. पण पुन्हा ऐकताना ते गाणं सोडून त्यानंतरचं 'लेझी' ऐका, त्यातला जॉन लॉर्डचा ऑर्गन. आपल्याकडे पेटीवर हात फिरलेल्या लोकांना ऑर्गनची ती धाव लगेच पकडते.

सांटानाचा 'अब्राक्सास' (१९७०) घरात पाहुणे असताना लावायचा. त्यातलं 'ओये कोमो वा' हे टिटो प्युएंतेचं, म्हणजे रॉक गिटारखाली क्यूबन चाचाचा. गोव्यात लग्नाच्या बँडवर वाढलेले कान त्याला परके नाहीत. कोंगा आणि टिंबाले चांगल्या सुईवर असे सुटे सुटे ऐकू येतात की बोट ठेवून दाखवता येतं कोण कुठे उभा आहे.

काही अल्बम मात्र पुन्हा ऐकून फार हाती लागत नाही. 'हॉटेल कॅलिफोर्निया'चं पहिलं गाणं संपलं की बाकीचा अल्बम माझ्या कानांना फार गुळगुळीत वाटतो. कुणाला राग आला तर येवो. डायर स्ट्रेट्सचा 'ब्रदर्स इन आर्म्स' (१९८५) हा खरं तर सीडीसाठीच जन्मलेला: डिजिटल टेपवर रेकॉर्ड झालेला, सीडीवर ५५ मिनिटांचा, आणि एलपीवर बसवायला काही गाणी कापून आखूड केलेली. मुलाला म्हणावं, हा तू फोनवर ऐक, माझी हरकत नाही.

प्रती कुठून आल्या ते लेबलवर बघा. 'मेड इन इंडिया' आणि दमदम लिहिलं असेल तर ती कलकत्त्याच्या ग्रामोफोन कंपनीच्या कारखान्यातली, पॉलिडॉरच्या प्रतीही आपल्याकडे निघत. कव्हरवर मुंबईच्या रिदम हाउसचा छोटा स्टिकर दिसला तर तो काढू नका. काळाघोड्याचं ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं, स्टिकर आता त्याची आठवण आहे. गोव्यातल्या बऱ्याच घरांतल्या परदेशी प्रती तारवटींनी, म्हणजे बोटीवरच्या खलाशांनी, आणलेल्या, लंडन, रॉटरडॅम, कुठल्या कुठल्या बंदरांतून. हणजूणच्या हिप्पींमुळे इथे रॉकच्या रेकॉर्डींचा खजिना पडला असेल असं बाहेरचे लोक समजतात. समुद्रकिनाऱ्यावरच्या पार्ट्यांत चालायच्या त्या मुख्यतः कॅसेटी, पुढे डॅट, म्हणजे डिजिटल टेप. ऊन, वाळू आणि दमट हवा यांत एलपी टिकत नाही, हे त्यांनाही माहीत होतं. बुधवारच्या बाजारात आज जी एलपी दिसते ती बहुतेक वेळा मुंबईहून विकायला आणलेली. तिथे किंमत विचारायच्या आधी तिरकी धरून बघा, एवढंच.

गठ्ठ्यात रॉकबाहेरचं काही निघालं तर बाजूला काढू नका. क्रिस पेरी आणि लोर्ना यांच्या कोंकणी ईपी असू शकतात, सात इंची, ४५ च्या वेगाच्या. त्यांतला ब्रास ऐकून मग पुन्हा सांटाना लावा. रेमो फर्नांडिसचं 'गोवन क्रेझी' (१९८४) कॅसेटवर आलं होतं, शिवोलीच्या घरी चार ट्रॅकच्या मशीनवर एकट्याने केलेलं. कॅसेटचा खोका सापडला तर तोही ठेवा, बुरशी आली असेल तर लावू मात्र नका, आधी दाखवा.

मामांच्या प्लेयरवर कदाचित १६ चाही खटका असेल. बोलण्याच्या रेकॉर्डींसाठी तो वेग होता, संगीताला कुणी फारसा वापरला नाही. पण १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली जी तबकडी अंतराळात गेली, ती १६⅔ च्याच वेगाची आहे. तीवर चक बेरीचं 'जॉनी बी. गुड' आहे, आणि फोंडा तालुक्यातल्या केरीच्या केसरबाईंची भैरवी. रॉक आणि आपली गायकी एका कपाटात कशाला, असं घरात कुणी विचारलं तर हे सांगा.

राहिला शेवटचा प्रश्न, जो तुम्ही विचारला नाही पण विचाराल: खराब निघालेल्या प्रतींच्या जागी नव्या घ्याव्या का? दोनदा धुऊनही 'विश यू वेअर हिअर' चुरचुरत असेल तर घ्या, नवी छपाई त्या अल्बमला उपयोगी पडते. १८० ग्रॅमचा शिक्का बघून पैसे मोजू नका. वजनाने रेकॉर्ड कमी वाकते, आवाज मास्टरवर, म्हणजे छपाई ज्यावरून होते त्या मूळ ध्वनिमुद्रणावर, ठरतो. झेपलिनची आणि पर्पलची मामांची प्रत थोडी चुरचुरली तरी चालते, त्या संगीताखाली ते झाकलं जातं. आणि सुई एकाच जागी अडकून तेच तेच वाजत असेल तर रेकॉर्ड टाकू नका: त्या जागी भिंगाने बघा, दहात आठ वेळा खाचेत बसलेला घाणीचा कण असतो. ओल्या फडक्याने तेवढीच जागा उलट दिशेने, म्हणजे सुई जाते त्याच्या विरुद्ध, हळू पुसा. तरी अडकली तर घेऊन या, पण पाऊस सुरू व्हायच्या आत, त्यानंतर माझ्याकडेही वाळवायला जागा नसते.